ओरेस्ते बोनाविता आणि पाठवणीची चाल

शेखर सरांनी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, डबा हलवला, आणि पायलच्या हाताला इटलीचा माणूस लागला. ओरेस्ते बोनाविता. नाव वाचतानाच जीभ दोनदा अडखळली. बुलढाण्याच्या कॉलेजात संगीताचं एम.ए. करणाऱ्या सात मुलींना सरांनी एकेक परदेशी संगीतकार वाटून दिला होता. तोही असा निवडून, की त्याच्या स्वतःच्या गावातही त्याला कोणी ओळखू नये. त्याच्यावर तीस पानं लिहायची आणि त्याच्या एका तरी गाण्याचं आपल्या सारेगमात नोटेशन करून द्यायचं. "मोठ्या लोकांवर काय, सगळेच लिहितात," सर म्हणाले. स्वतःला तीस पानं लिहायची नसली, की माणसाला असले थोर विचार सुचतात.

पायलनं आठ दिवस नाक मुरडण्यात घालवले. मग भाड्याच्या खोलीत मोबाइल भिंतीला टेकवून ती बसली आणि या बोनाविताच्या मागे लागली. बघता बघता तो तिला आवडायला लागला.

त्याचा बाप न्हावी होता. दाढ्या करून उरलेल्या वेळात गावच्या बॅंडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. तिकडेही प्रत्येक गावाला बॅंड, लग्नाला बॅंड, मयताला बॅंड, देवाच्या मिरवणुकीला बॅंड, हे वाचून पायल सावरून बसली. तिच्या घराण्यात तीन पिढ्या बॅंडच वाजला होता. ओरेस्ते नऊ वर्षांचा असताना बापाशेजारी उभा राहून वाजवू लागला. बापाला वाटायचं पोरानं वस्तरा धरावा. पोरगा एकोणिसाव्या वर्षी क्लॅरिनेट घेऊन मिलानला पळाला आणि एका हॉटेलात पियानो बडवत बसला. पुढं एका थिएटरचा ठरलेला संगीतकार ऐनवेळी आजारी पडला, तेव्हा यानं एकवीस दिवसांत अख्खी संगीतिका लिहून दिली. मोठ्या ऑपेरात शेवटी सगळे मरतात. याच्या संगीतिकांत शेवटी सगळ्यांची लग्नं लागायची. मधे भरपूर फजिती, चोरून भेटणं, कपाटात लपणं, आणि दर दहा मिनिटांनी लोकांच्या तोंडात बसेल असं गाणं. वीस वर्षांत त्यानं अशा सतरा संगीतिका केल्या.

त्यातलं सगळ्यांत गाजलेलं गाणं धोबिणींचं. नदीवर एक रुबाबदार हवालदार अंघोळीला उतरतो, धोबिणी त्याची पँट लपवतात आणि त्याला हसून हसून बेजार करतात. त्या गाण्याच्या तबकड्या जहाजानं देशोदेशी गेल्या. मग बोलपट आले, थिएटरांची सिनेमागृहं झाली, लढाई झाली, आणि लोकांना कपाटात लपणाऱ्या प्रियकराचं हसू येईना. बोनाविता म्हातारपणी लोकांच्या घरी जाऊन त्यांचे पियानो सुरात लावून द्यायचा. वारला तेव्हा पेपरात चार ओळी आल्या. त्या चार ओळी वाचून पायलला खरंच वाईट वाटलं.

नोटेशनसाठी तिनं अर्थातच धोबिणींचं गाणं घेतलं. पण त्या बाया इतक्या भरभर गात होत्या की एक स्वर लिहून होईतो चार निसटायचे. तेव्हा तिनं सगळे विद्यार्थी करतात तेच केलं. मोबाइलवर गाण्याचा वेग निम्म्यावर आणला, वही उघडली आणि पेन टेकवलं.

पेन तिथंच राहिलं.

तिनं गाणं थांबवलं. पाणी प्यायली. पुन्हा लावलं. पहिल्या चार ओळी सरल्या, तो वरच्या षड्जावर थांबून खाली घरंगळणारा तुकडा आला, आणि पायलनं मोबाइल उचलून कानाला लावला. ही तर आबांची, तिच्या आजोबांची चाल! धामणगाव बढ्याच्या माणिकरावांची, पाठवणीची चाल! हजार मांडवांत हजार नवऱ्या जिच्यावर रडत गाडीत बसल्या, ती.

आता ही चाल म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, नाहीतर पायल एवढी का हादरली ते कळायचं नाही. बॅंडवाल्यांचा एक कायदा असतो, कुठं लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. सिनेमाची गाणी सगळ्यांची. पण पाठवणीला प्रत्येक बॅंडची स्वतःची एक चाल असते, ती दुसऱ्यानं वाजवायची नाही. माणिकरावांची चाल सगळ्यांत भारी. लोक लग्नाची तारीख त्यांचा बॅंड मोकळा बघून धरायचे. "चाल कोणाची?" असं कोणी विचारलं, की माणिकराव क्लॅरिनेट खाली घेऊन म्हणायचे, "माही. म्या बांधली."

आणि याच चालीपायी त्यांनी पोटचा पोरगा तोडला होता. पायलचा बाप, प्रेमानंद. तो बापाच्या बॅंडमध्ये दुसरा क्लॅरिनेट वाजवायचा. बावीस वर्षांपूर्वी साखरखेर्ड्याच्या एका मित्राच्या बॅंडमधला वाजवणारा आजारी पडला म्हणून त्याच्या मदतीला गेला, आणि तिथल्या पाठवणीला त्यानं ही चाल वाजवली. वऱ्हाडात धामणगावचे लोक होते. बातमी त्याच्या आधी घरी पोचली. दुसऱ्या दिवशी अंगणात अकरा माणसांचा बॅंड सरावाला उभा असताना माणिकरावांनी त्याच्या हातातला क्लॅरिनेट काढून घेतला आणि म्हणाले, "चोराच्या हातात माहं वाद्य राहनार नाही." प्रेमानंद एक शब्द बोलला नाही. बायको आणि तीन वर्षांची पायल घेऊन साखरखेर्ड्याला गेला, शेतातल्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान टाकलं, आणि पुन्हा कधी क्लॅरिनेटला हात लावला नाही. नात्यातल्या लग्नात पाठवणीची वेळ झाली की तो चप्पल घालून बाहेर निघून जायचा. पायल पंधरा वर्षांची असताना एका मांडवात एक बाई दुसरीला म्हणाली होती, "हे त्या चालचोराची पोरगी." ते शब्द पायल विसरली नव्हती. बापानं असं का केलं, हे तिनं कितीदा विचारलं. तो म्हणायचा, "चुकलं माहं," आणि पंख्याची मोटार उघडून बसायचा.

आणि आता ती चाल एका इटालियन न्हाव्याच्या पोराची निघाली.

पायल रात्रभर तडफडत राहिली आणि सकाळची धामणगावची पहिली बस धरून राजूर घाट उतरली. डोकं भणभणत होतं. मोताळ्यापर्यंत तिनं मनातल्या मनात आबांना काय काय सुनावलं त्याला हिशेब नाही. ज्या माणसानं स्वतः चोरी केली, त्यानं आपल्या पोराला चोर ठरवून घराबाहेर काढावं? आज बापाच्या कपाळावरचा तो शब्द पुसल्याशिवाय परत जायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

दार रेणुकाकाकूनं उघडलं. ही तिच्या धाकट्या काकाची, धम्मदीपची बायको. बॅंड आता धम्मदीप चालवायचा.

"अव माय! पायल? प्रेमानंद भाऊजीची?" काकूच्या हातातली परात तशीच राहिली. "इकडं कशी व तू?"

"आबा हायेत?"

माणिकराव ओसरीवर खाटेवर बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, अंगानं सुकलेले, पण ताठ. पायलनं जयभीम केला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि मान भिंतीकडे वळवली.

"तू काऊन आली?"

पायलनं ठरवलेली सगळी भाषणं बाजूला ठेवली. तिनं मोबाइलचा आवाज पूर्ण मोठा केला, कारण म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं हे तिला माहीत होतं, आणि धिम्या केलेल्या धोबिणी खाटेवर ठेवल्या.

चार ओळी झाल्या. तो घरंगळणारा तुकडा आला. माणिकरावांची बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली, क्लॅरिनेटच्या भोकांवर हलतात तशी, आणि मग एकदम थांबली. रेणुकाकाकू परात घेऊन दारातच उभी होती.

"हे तुले कुठी भेटलं?"

"इटलीचं गाणं हाय आबा. तुमच्या जन्माच्या आधीचं. ज्यानं बांधलं त्याचं नाव बोनाविता." पायलनं मोबाइल त्यांच्या पुढं सरकवला. "तुम्ही बांधली म्हणता ना? हे पाहा कोणी बांधली."

काकू म्हणाली, "काय बोलून राह्यली व हे? आबा, काय बोलते हे पोरगी?"

माणिकरावांनी काकूला हातानं बस म्हटलं, आणि भिंतीकडेच बघत सांगायला लागले.

"सतरा वर्साचा होतो मी. उकंडराव देशमुखाची ढोरं सांभाळो. त्याइच्या माडीच्या मांगं गोठा. उकंडरावानं मुंबईहून गाणं वाजवाची मशीन आनली होती, संग तबकड्याचा ढीग. आमाले वर जानं नव्हतंच. पन आवाजाले कोन अडवन? मी ढोराच्या मधात बसून आयको. त्या मशीनची स्प्रिंग ढिली झाली होती, तबकडी रडल्यावानी फिरे. हे गानं लागलं का मले वाटे, कोनी पोरगी माहेर सोडून चालली. मामाच्या क्लारनेटवर बसवलं म्या. पयल्यांदा एका बिदाईत वाजवलं, त सारा मांडव रडला. पाटलानं इचारलं, चाल कोनाची बे?" ते थांबले. "काय सांगू? देशमुखाच्या घराले कान लावून आयकली, म्हनू? हातपाय जाग्यावर राह्यले नसते माहे. म्हनलं, माही. एकडाव म्हनलं, त मंग म्हनतच गेलो."

पायलला हे अपेक्षित नव्हतं. ती भांडायला आली होती, आणि समोर गोठ्यात बसलेलं सतरा वर्षांचं पोर निघालं. क्षणभर तिचा राग कुठं ठेवावा तेच तिला कळेना. पण बापाचं तोंड आठवलं आणि राग पुन्हा जागेवर आला.

"ते ठीक आहे, आबा. पाटलाला खोटं सांगितलं, बरोबर केलं. पण माह्या बापाले? तुम्हाले तर माहीत होतं ना, चाल तुमची नाही! तरी त्याले चोर म्हटलं? साऱ्यांसमोर?"

"लय वर्स झाले होते, पायल," म्हातारा हळूच म्हणाला. "मलेच वाटाले लागलं होतं, का माहीच हाय."

मग त्यांनी मोबाइलकडे बोट दाखवलं.

"त्या बाया काय म्हनते? पोरीले सासरी धाडून राह्यल्या ना?"

पायलनं गाण्याचा वेग मूळचा केला आणि लावलं. धोबिणी एका दमात सुटल्या. टाळ्या, खिदळणं, मधेच हवालदाराचं ओरडणं, आणि त्यावर सगळ्यांचं मिळून हसणं. तोच वरचा षड्ज, तोच घरंगळणारा तुकडा, पण तो घरंगळणारा तुकडा म्हणजे हसता हसता खाली बसलेल्या बाया होत्या.

"हे त हसून राह्यल्या!"

"हो आबा. एका हवालदाराची पँट लपवली त्यांनी."

दुसऱ्या कुठल्या घरात यावर हसून लोळण घेतली असती. इथं रेणुकाकाकूनं पदर तोंडाला लावला. तिचीही पाठवणी याच चालीवर झाली होती. माणिकराव खाटेच्या दांडीला धरून बसले होते आणि त्यांचे डोळे मोठे झाले होते.

"माह्या तिन्ही पोरी म्या हिच्यावर काढल्या," ते म्हणाले. "धाकटी त सोडतच नव्हती मले. मी वाजवून राह्यलो, ते रडून राह्यली. आन हे हसाचं गानं?" त्यांनी पायलकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "अन् प्रेमाले म्या हिच्यापायी काढलं. हवालदाराच्या पँटीपायी."

आता त्यांच्याच तोंडून नाव आलं होतं. पायल पुढं सरकली. "आबा, त्यांना सांगा. एवढंच सांगा, की तू चोर नाही. बावीस वर्षं झाली."

"कोन्या तोंडानं सांगू?"

"मी फोन लावते."

म्हाताऱ्यानं नको म्हटलं नाही. मग म्हणाला, "आंधी तूच सांग. मले एकदम जमनार नाही."

पायलनं बापाला फोन लावला. स्पीकर चालू केला, आवाज मोठाच ठेवला. बापाच्या छातीवरचा दगड उतरताना आबांनी ऐकावं, असंच तिला वाटत होतं. पलीकडून दुकानातल्या मोटारीची घरघर आली आणि मग प्रेमानंदचा आवाज. "बोल व पायल. कॉलेज नाही का आज?"

"बाबा, एक सांगायचं आहे. आबांची ती चाल आहे ना, पाठवणीची, ती त्यांची नाहीच. इटलीच्या एका माणसाची आहे. मला रेकॉर्ड सापडली. तुम्ही कोणाची चाल चोरली नाही, बाबा. तुम्ही चोर नाही!"

घरघर बंद झाली. बटण दाबल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. पायल वाट बघत होती. तिला वाटत होतं आता बाप रडेल, नाहीतर ओरडेल, काहीतरी करेल.

"कोनाकोनाले सांगितलं तू हे?" प्रेमानंद अगदी हळू बोलला.

"म्हणजे?"

"सरले सांगितलं? कॉलेजात लिवून देल्लं का?"

"नाही अजून. बाबा, तुम्हाले समजलं का मी काय म्हटलं?"

"मले माहीत हाय ते."

"काय माहीत आहे?"

"चाल आबाची नाही ते. तू पोटात होती तव्हापासून माहीत हाय. देशमुखाच्या नातीच्या लग्नाची सुपारी घ्याले गेल्तो. उकंडराव वारले होते. त्याइच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं, मले ओसरीवर बसवलं अन् गान्याची जुनी मशीन लावून दाखवली. म्हने, तुह्या बापानं गोठ्यात बसून उचलली हे चाल, मले त पयल्याच लग्नात समजलं होतं, पन कोनाले म्हनली नाही, तूबी म्हनू नोको." तो थांबला. "म्हनून त साखरखेर्ड्याले वाजवली म्या. ते नवरी लय रडून राह्यली होती, अन् मले वाटलं, चाल कोनाचीच नाही, त एकडाव वाजवली त काय होते. चुकलं माहं. आबाचा जीव होता तिच्यात, ते मले समजाले पाह्यजे होतं."

पायलला स्पीकर बंद करायचा होता. बोट उचललंच जात नव्हतं. समोर माणिकराव पुतळ्यासारखे बसले होते आणि एकेक शब्द त्यांच्या तोंडावर पडलेला दिसत होता. बावीस वर्षं ज्या पोराशी त्यांनी शब्द काढला नव्हता, तो पोरगा पुढं सांगतच होता.

"तू आता असं कर, बाई. दुसरं गानं घे. त्या बोनाविताचे सतरा नाटकं हायेत म्हनत होती ना तू, त्यातलं दुसरं कोनतंबी घे. हे लिवू नोको. पंच्याऐंशीले आलं म्हातारं. साऱ्या जिल्ह्यात त्याचं नाव त्या चालीनं हाय. कोनी जाऊन त्याले सांगितलं, त हाय खाईन ते."

"बाबा..." एवढंच पायलला म्हणता आलं.

माणिकरावांनी हात पुढं केला. पायलनं फोन त्यांच्या तळहातावर ठेवला. साठ वर्षं क्लॅरिनेटमध्ये फुंकर घालणाऱ्या माणसाला दोन शब्दांपुरता श्वास जमवायला वेळ लागला.

"प्रेमा," ते म्हणाले. "मी हाय."

रेणुकाकाकूला वाटलं फोन कटला. मग हळूच आलं, "जयभीम, आबा."

"आयकलं म्या सारं." त्यांचा आवाज फुटला, पण ते थांबले नाहीत. "तुले माहीत होतं. त्या दिवशी अंगनात म्या तुले चोर म्हनलं, तव्हाबी माहीत होतं. मंग बोलला काऊन नाही बे तू? एक शब्द बोलला असता, त म्याच खाली मान घातली असती."

"त्याच्यासाठीच नाही बोललो," प्रेमानंद म्हणाला. "सारा बॅंड उभा होता ना, आबा."

माणिकरावांनी फोन खाटेवर ठेवला. पलीकडून प्रेमानंद "आबा, आबा" करत होता, पण ते ऐकत नव्हते. भिंतीला धरून ते उठले, आणि रेणुकाकाकू त्यांना सावरायला धावली तसा त्यांनी तिचा हात बाजूला केला.

"धम्मदीपले हाक मार," ते म्हणाले. "त्याले म्हन, साऱ्या बॅंडले गाडीत बसव. त्या दिवशीचे जे जे जिते हायेत, त्याइलेबी घरातून उठवून आन. मले साखरखेर्ड्याले जायचं हाय."